याकोब की एली?

आदरणीय बाई,

सलाम. मी एकेचाळीस वर्षांची, जी.एन.एम. नर्स. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात आठवड्याला सहा ड्युट्या असतात, त्यात महिन्यातून आठ-दहा नाइट. बारा वर्षं मंडळीत संडे स्कूल घेते. दोन महिन्यांपूर्वी सहावीतल्या एका मुलाने विचारलं, ‘‘टीचर, येशूच्या आजोबांचं नाव काय? बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात याकोब लिहिलंय आणि लूकच्या शुभवर्तमानात एली.’’ मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. अजून सांगितलेलं नाही, आणि तो दर रविवारी माझ्याकडे बघतो.

तेव्हापासून मनाने घेतलंय की नीट शिकायचं. मोबाइलवर एका सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजची, जाहिरात आली. घरबसल्या ऑनलाइन, 18 महिन्यांत मास्टर ऑफ डिव्हिनिटी. फी 85 हजार, या महिन्यात भरली तर 40 हजार. माझ्या बारा वर्षांच्या सेवेबद्दल निम्मे विषय माफ करू म्हणाले. हॉटेलात पदवीदान, गाऊन त्यांचाच. पुढे 20 हजार भरले की डॉक्टरेट.

मिस्टर म्हणतात, याने पगार वाढणार आहे का? पाळकसाहेब म्हणतात, पवित्र आत्मा शिकवतो, सेमिनरीत जाऊन माणसं कोरडी होतात, आणि तुम्हा बायकांना काय करायचंय. माझं इंग्रजी बेताचं आहे. शिवाय खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटते, की शिकता शिकता आहे तो विश्वासच गेला तर? पैसे भरू का?

– एक भगिनी, जि. अहिल्यानगर

*

ताई, सलाम.

भरू नका. आधी हे सांगून टाकते, कारण ‘या महिन्यात भरले तर’ म्हटलं की आपला जीव खालीवर होतो. मग बाकीचं निवांत बोलू.

जरा हिशेब मांडू या. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनरींना मान्यता देणारी जुनी संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स. तिच्या नियमाप्रमाणे मास्टर ऑफ डिव्हिनिटीसाठी कमीत कमी 72 क्रेडिट लागतात. एका क्रेडिटमागे वर्ग, वाचन, लेखन धरून साधारण 45 तासांचं काम असतं. म्हणजे झाले 3,240 तास. अठरा महिन्यांचे आठवडे 78. भागाकार करा, आठवड्याला एक्केचाळीस तासांच्या वर जातं. सहा ड्युट्या, स्वयंपाक, नाइटनंतरची झोप यातून हे तास कुठून काढणार? ते काढायची वेळच येऊ नये म्हणून तर त्यांनी निम्मे विषय माफ केलेत. संडे स्कूलच्या बारा वर्षांचं मोल मोठंच आहे, पण त्या बारा वर्षांत तुम्हाला हिब्रू आलं का? मंडळीचा इतिहास कळला का? त्या पोराचं उत्तर सापडलं का? नाही ना. मग माफ काय केलं त्यांनी? शिकवायचं तेच माफ केलं.

हॉटेल, गाऊन, वीस हजारात डॉक्टरेट हे तर आता आपल्याकडे लग्नसराईसारखं झालंय. एका कन्व्हेन्शनच्या पोस्टरवर नऊ वक्ते होते आणि नऊही ‘रेव्ह. डॉ.’ होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आता माझीच फजिती सांगते. निवृत्त झाल्यावर मीही एक ऑनलाइन कोर्स घेतला होता, परदेशातला, नाव सांगत नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर आठ पानी निबंध लिहिला, तीन आठवडे खपून. पाठवताना चुकून दुसरीच फाइल जोडली गेली. ती होती महिला मंडळाच्या सहलीचा हिशेब. बस साडेसात हजार, वडापाव ऐंशी, लिंबू सरबत, मुलांच्या उलटीसाठी पिशव्या. चार मिनिटांत उत्तर आलं: उत्कृष्ट विवेचन, 92 गुण. आधी हसले, मग रडायला आलं. वडापावाला 92 मिळाले याचं दुःख नव्हतं. त्याआधीच्या पाच निबंधांना मिळालेले 90 आणि 94 आठवले. तेही कुणी वाचले नव्हते.

म्हणून माझ्याकडे आता परीक्षा एकच. कोर्स ऑनलाइन असो, पोस्टाने असो की वडाच्या पाराखाली असो, मी लिहिलेलं वाचणारं माणूस कोण, आणि त्याच्याशी मला बोलता येईल का? तुम्ही हाच प्रश्न त्या जाहिरातवाल्यांना विचारा. ‘‘मत्तयाच्या पहिल्या अध्यायावरचा माझा पेपर कोण तपासणार? त्यांचं शिक्षण कुठे झालं? फोनवर दहा मिनिटं मिळतील का?’’ बघा काय म्हणतात. फीची तारीखच पुढे ढकलतील बहुतेक.

तुम्ही नर्स आहात, तुम्हाला हे समजवायला नको. शिरेत सुई घालायला व्हिडिओ बघून शिकलात का? सिस्टर शेजारी उभी होती, तुमचा हात थरथरला तेव्हा तिने मनगट धरलं. पाळकसाहेबांना नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय आठवत असेल. राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतोय. ग्रंथ हातात आहे, वाचताही येतंय. आणि तिथे पवित्र आत्मा काय करतो? थेट अर्थ सांगत नाही. फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाला पळवत रथापाशी नेतो, आणि खजिनदार त्याला वर बोलावून शेजारी बसवून घेतो. आत्मा शिकवतो हे खरंच आहे, पण पुष्कळदा असं माणूस पाठवून शिकवतो. आणि ‘तुम्हा बायकांना’ म्हणाले ना, तर अठरावा अध्यायही काढायला सांगा. अपुल्लो चांगला विद्वान, वक्ता. त्याला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने, आणि तिथे बायकोचं नाव आधी आहे. भांडू मात्र नका. पाळकसाहेबांची गरज पुढे लागणार आहे, ते खाली सांगते.

मिस्टरांचा प्रश्न रोकडा आहे, उत्तरही रोकडंच देते: पगार वाढणार नाही. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, तशा दर्जाच्या संस्थांना किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याचं कलम 22 तेच सांगतं. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला म्हणून कुणाला मास्टर डिग्री वाटता येत नाही. आणि ‘आम्हाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे’ असं कुणी म्हटलं तर मान्यता देणाऱ्याचं नाव विचारा, आणि मग त्या मान्यता देणाऱ्याला कोण ओळखतं तेही विचारा. पुष्कळदा दोघांचा पत्ता एकच निघतो.

मग खरी ठिकाणं कुठली? सगळ्यात जुनं सेरामपूर. आपल्या जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं का, बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. (माझ्या एका विद्यार्थ्याने खरंच बेलापूर रोडवर चौकशी केली होती.) तिथलं कॉलेज केरी, मार्शमन आणि वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी 1818 साली काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदवी देण्याची सनद 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिली. पुढे 1918 च्या बंगालच्या कायद्याने तो अधिकार पक्का केला. हेच ते केरी, ज्यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा आपला त्यांच्याशी घरोबा जुना आहे. देशातल्या बऱ्याच सेमिनरी या सेरामपूरच्या सिनेटला, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेल्या आहेत. तिची बी.डी., बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे पाळक होणाऱ्यांची पदवी, ती सेमिनरीत राहून करायची. पण नोकरी-संसार सांभाळणाऱ्या सभासदांसाठी सिनेटचे बाहेरून करायचे ख्रिस्ती अभ्यासाचे डिप्लोमा आणि पदवी अभ्यासक्रम आहेत. तुम्ही जी.एन.एम., पदवीधर नाही, तेव्हा कुठल्या पायरीवर प्रवेश मिळतो ते त्यांच्याकडून लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो हो’वर जाऊ नका.

दुसरं नाव एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, 1970 पासूनचं. त्यांची मान्यता असलेल्या सेमिनरींची पदवी सरकार दरबारी चालेलच असं नाही, पण मंडळ्यांमध्ये आणि पुढच्या धर्मशिक्षणाला चालते. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, 1983 पर्यंत ती यवतमाळला होती. पुण्याला जाणं होईल तेव्हा एकदा आत डोकावून या. ग्रंथालयात नुसतं अर्धा तास बसा. पदवीसाठी म्हणत नाही. या विषयात किती आहे आणि आपल्याला त्यातलं किती हवंय याचा अंदाज पडद्यावर येत नाही, कपाटांपुढे उभं राहिल्यावर येतो.

पण तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात आधी आठवली ती टॅफ्टी, घरी राहणाऱ्यांना धर्मशिक्षण देणारी बंगळूरची संस्था. 1971 मध्ये सुरू झाली. तिची पद्धत मूळची ग्वाटेमालातली, 1963 च्या सुमाराची. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की मंडळ्या खऱ्या अर्थाने चालवणारी माणसं शेती-संसारात अडकलेली आहेत, ती घर सोडून तीन वर्षं राजधानीत येणार नाहीत. मग शिक्षकच गावोगाव जायला लागले. आठवडाभर घरी पुस्तकातून अभ्यास करायचा, प्रश्नांची उत्तरं लिहायची, आणि आठवड्यातून एकदा पाच-सहा जणांनी शिक्षकाबरोबर बसून त्यावर बोलायचं. इंटरनेटच्या कितीतरी आधीचं हे दूरशिक्षण, आणि माझ्या मते आजच्या निम्म्या ऑनलाइन कोर्सपेक्षा शहाणं, कारण ती आठवड्याची बैठक कुणी काढून टाकली नाही. तुम्हाला हेच जमेल. दोन नाइटच्या मधल्या मोकळ्या दुपारी पुस्तक, आणि शनिवारी संध्याकाळी बैठक.

बैठकीला कोण? इथे पाळकसाहेब. त्यांना सांगा, मी शिकायला बाहेर जात नाही, तुमच्याकडेच येते, महिन्यातून दोनदा एक तास द्या आणि माझी वही तपासा. शिकलेल्या पाळकाला हे आवडतं. नाहीच आवडलं तर पाळकीणबाई, शेजारच्या मंडळीतले निवृत्त पाळक, दवाखान्यातली एखादी वाचणारी सिस्टर. दोन माणसं पुरेत. सगळ्या गोष्टींना ‘आमेन’ म्हणणारी मात्र नकोत. मला पत्राद्वारे शिकवणारे एक गुरुजी होते, ते लाल शाईने समासात एकच प्रश्न लिहायचे: ‘हे तुमचं मत की वाचलेलं?’ त्या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्याख्यानाने शिकवलं नाही.

फुकट आणि उत्तम असंही पुष्कळ आहे. येल विद्यापीठाने आपले दोन वर्ग जसेच्या तसे नेटवर ठेवलेत. जुन्या करारावर क्रिस्टीन हेझ यांची 24 व्याख्यानं, नव्या करारावर डेल मार्टिन यांची 26. प्रमाणपत्र नाही, फी नाही, आणि प्रत्येक व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळतो. म्हणजे बेताच्या इंग्रजीलाही थांबत थांबत, शब्द बघत वाचता येतं. एका व्याख्यानाला तुम्हाला एक आठवडा लागला तरी हरकत नाही. पण आधीच सांगते, ते विद्यापीठ आहे, मंडळी नव्हे. ऐकणारा विश्वासणारा आहे असं तिथे धरलेलं नाही. सुरुवातीच्याच व्याख्यानांत तुम्ही ऐकाल की उत्पत्तीत निर्मितीच्या दोन कथा आहेत आणि त्यांचा क्रम जुळत नाही, मग मोशेने बायबलची पहिली पाच पुस्तकं एकट्याने लिहिली का हा प्रश्न येईल. दचकाल. मी दचकले होते. म्हणून ते एकटीने, रात्री अडीचला, वॉर्ड शांत असताना कानात इअरफोन घालून ऐकू नका. त्या शनिवारच्या बैठकीत घेऊन जा.

तुमच्या भीतीबद्दल गुळमुळीत बोलणार नाही. काहींचा विश्वास जातो, मी पाहिलंय. पण मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक जण असे होते की प्रश्न पडला आणि सांगायला कुणी नव्हतं, किंवा सांगितलं तर ‘सैतानाचं आहे’ म्हणून गप्प केलं गेलं. आणि कोरडेपणाचं म्हणाल, तर काही न शिकता कोरडी झालेली माणसंही मी मोजून दाखवीन.

वयाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘एकेचाळीस’ पहिल्याच ओळीत घातलंत, म्हणजे मनात आहे. पंडिता रमाबाई चाळिशी ओलांडल्यावर बायबलच्या भाषांतराला बसल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून, केडगावला, दुष्काळात आसरा दिलेल्या शेकडो बायका-मुलींचा पसारा सांभाळून. छापखाना तिथलाच, काम करणाऱ्या बायका तिथल्याच. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघालं. तुमच्या आमच्याने तेवढं होणार नाही, पण ग्रीकची 24 अक्षरं महिन्याभरात येतात हो. फक्त एक वचन द्या: तीन महिन्यांनी व्यासपीठावरून ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे की’ म्हणायला लागू नका. ती जमात आपल्याकडे पुरेशी आहे.

दीक्षेचा, म्हणजे स्वतः पाळक होण्याचा, विषय आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात ती इच्छा मला दिसली नाही. पुढे कधी वाटलं तर सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, स्त्रियांना दीक्षा मिळते. पण ती कोर्स केल्याने मिळत नाही, मंडळी आणि बिशप यांनी पाठवावं लागतं, आणि राहून शिकावं लागतं. तो निर्णय मोठा आहे, तुमचा प्रश्न सध्या त्याहून लहान आणि जास्त निकडीचा आहे. सहावीतलं पोर वाट बघतंय.

तर त्याच्याकडे वळू. दोन महिने लांबलंय, हा रविवार चुकवू नका. त्याला आधी सांगा की तुझा प्रश्न तुझ्या पणजोबांच्या पणजोबांपेक्षाही जुना आहे. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने यावर पत्र लिहिलं, ते मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलं. त्याचं म्हणणं असं: याकोब आणि एली हे एकाच आईचे, पण वेगवेगळ्या बापांचे मुलगे. एली मूल न होता वारला, मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याकोबाने भावाच्या विधवेशी लग्न केलं, योसेफ झाला. रक्ताने तो याकोबाचा, कायद्याने एलीचा. काही लोक म्हणतात लूकची वंशावळ मरीयेची आहे, पण लूक नाव योसेफाचंच घेतो, तेव्हा ते ओढून आणल्यासारखं वाटतं मला. आणि आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, आजोबा कोण हे नोंदवणं हा दोघांचाही हेतू नव्हता. मत्तयाला दाखवायचंय की हा दावीदाचा पुत्र, म्हणून तो अब्राहामापासून निघून राजा शलमोनावरून खाली येतो. लूकला दाखवायचंय की हा सगळ्यांचा, म्हणून तो दावीदाच्या दुसऱ्या मुलावरून, नाथानावरून उलट चढत थेट आदामापर्यंत जातो. यातलं एकच खरं असं सांगू नका. तिन्ही सांगा. ‘टीचरला नक्की माहीत नाही, आपण शोधतोय’ हेही सांगा. पोरं त्याने तुटत नाहीत.

मग फळा घ्या आणि मत्तयाचा पहिला अध्याय काढायला लावा. त्यात चार बायका शोधायला सांगा, मरीया सोडून. तामार, राहाब, रूथ सापडतील, चौथीचं नावच नाही, ‘उरीयाची बायको’ एवढंच आहे. नाव का नसेल, विचारा. मुली बरोबर उत्तर देतात, मी आजमावलंय. मग सतरावं वचन वाचा, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. दावीद लिहायचं तर दालेत, वाव, दालेत, म्हणजे चार अधिक सहा अधिक चार. बेरीज मुलांनाच करू द्या. चौदा जुळवण्यासाठी मत्तयाने योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेत. जुन्या करारात राजांच्या इतिहासात शोधा म्हणावं, अहज्या, योवाश आणि अमस्या.

शेवटी त्या पोरालाच खडू द्या आणि तिसरा गट मोजायला सांगा, बाबेलच्या बंदिवासानंतरचा, शल्तीएलपासून येशूपर्यंत. तेराच भरतील. पुन्हा मोजेल. पुन्हा तेराच. चौदावा कुठे गेला यावर वर्गात काय काय निघालं, ते मला सविस्तर लिहा, आणि ते चाळीस हजार सध्या पोस्टात ठेवा.